सिंगल की कम्पाउंड? फिंगरबोर्डच्या गोलाईचा हिशोब

फेस्टिव्हल जवळ आला की हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास वाढतात: मॅगीचा खप आणि गिटारवाल्यांचे वाद. त्यातला सर्वांत जुना वाद म्हणजे फिंगरबोर्डचा रेडियस. एक पार्टी म्हणते, "कम्पाउंड रेडियसशिवाय सोलो वाजतच नाही." दुसरी म्हणते, "हे सगळं कंपन्यांचं मार्केटिंग." आणि मधल्या मधे फर्स्ट इयरचं एखादं पोरगं घरून आलेल्या पैशांतून आपली चांगली गिटार विकून नवी घ्यायला निघतं, कारण वरच्या फ्रेट्सवर बेंड मारला की त्याची तार चोक होते, म्हणजे आवाज मधेच मरतो.

आपण इंजिनिअर होणार आहोत (एटीकेटी कृपेने का होईना). मग या वादात आवाज चढवण्यापेक्षा कागद-पेन घेतलेलं बरं. दहावीपर्यंत माझं मराठी 'लोअर' होतं, तेव्हा भाषेत इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या. गणिताची जबाबदारी मात्र माझी.

रेडियस म्हणजे नक्की काय?

इलेक्ट्रिक गिटारचा फिंगरबोर्ड समोरून सपाट दिसतो, पण तो आडव्या बाजूने किंचित गोल असतो. मधे उंच, कडांना उतरता. ही गोलाई ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे रेडियस. त्रिज्या लहान तर गोलाई जास्त. त्रिज्या मोठी तर बोर्ड सपाट. क्लासिकल गिटारचा बोर्ड जवळजवळ पूर्ण सपाट असतो.

नेहमी कानावर पडणारे आकडे असे. जुन्या पद्धतीच्या फेंडरचा रेडियस ७.२५ इंच, म्हणजे १८४ मिलिमीटर. १९५४ ची पहिली स्ट्रॅटोकास्टर याच रेडियसची. आजच्या बहुतेक फेंडर ९.५ इंचाच्या, म्हणजे २४१ मिलिमीटर. पीआरएस १० इंच (२५४). गिब्सन लेस पॉल १२ इंच (३०५). आयबानेझच्या बऱ्याच मॉडेल्सवर ४०० किंवा ४३० मिलिमीटर, म्हणजे जवळपास सपाट मैदान. हे सगळे सिंगल रेडियस: नटपासून शेवटच्या फ्रेटपर्यंत गोलाई एकच.

कम्पाउंड रेडियसमध्ये गोलाई बदलत जाते. नटपाशी जास्त गोल, वर जाताना सपाट. जॅक्सनच्या अनेक गिटार १२ ते १६ इंच, वॉरमॉथच्या नेक १० ते १६, आणि फेंडरने २०१९ मध्ये आणलेली अमेरिकन अल्ट्रा १० ते १४.

आता फर्स्ट इयरचं ईडी आठवा (नको असलं तरी आठवा). सिंगल रेडियसचा बोर्ड म्हणजे सिलिंडरचा तुकडा, पीव्हीसी पाइप उभा कापल्यासारखा. कम्पाउंड रेडियसचा बोर्ड म्हणजे कोनचा तुकडा, कुल्फीचा कोन कापल्यासारखा. डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेसच्या शीटवर आपण दोघांचे जनरेटर काढले होते. सिलिंडरचे जनरेटर समांतर, कोनचे एका टोकाकडे जमणारे. बस, एवढ्या भांडवलावर पुढचा सगळा विषय समजतो.

तारा समांतर नसतात

गिटारच्या सहा तारा पाहा. नटपाशी पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर साधारण ३५ मिलिमीटर, ब्रिजपाशी साधारण ५२. म्हणजे तारा पंख्यासारख्या फाकत जातात. कोनच्या जनरेटरसारख्याच!

कम्पाउंडवाल्यांचा पहिला मुद्दा इथूनच येतो. सिलिंडरवर तिरकी रेघ मारली तर ती सरळ राहत नाही, तिला मधे फुगवटा येतो. म्हणजे कडेच्या तारेखाली सिलिंडर बोर्ड थोडा उचललेला असणार आणि तार तिथे घासणार. कोनवर असं होत नाही, कारण तार जनरेटरवरूनच धावते.

मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पण किती? बोर्डची मधल्या रेघेपासूनची उतरण म्हणजे मधल्या रेघेपासूनच्या अंतराचा वर्ग भागिले दोन त्रिज्या. कडेची तार नटपाशी मधल्या रेघेपासून १७.५ मिलिमीटरवर असते आणि बाविसाव्या फ्रेटपाशी साधारण २३.६ वर. फरक ६.१. फुगवटा येतो या फरकाचा वर्ग भागिले आठ त्रिज्या. सर्वांत गोल, १८४ मिलिमीटरचा बोर्ड घेतला तरी उत्तर निघतं ०.०२५ मिलिमीटर. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे कागदाचा पाव हिस्सा! चांगला कारागीर फ्रेट्स घासताना तारेच्या रेषेत घासतो, तेव्हाच एवढा फरक निघून जातो. तेव्हा या एका मुद्द्यावर कोणी तुम्हाला महाग गिटार विकत असेल तर हसून चहा मागवा.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. नट ते बाविसावी फ्रेट या अंतरात तारांमधली रुंदी १.३५ पट होते. जॅक्सनच्या १२ ते १६ या कोनमध्ये त्रिज्या १.३३ पट होते. म्हणजे तो कोन आणि तारांचा पंखा जवळजवळ तंतोतंत जुळतात. १० ते १६ मध्ये त्रिज्या १.६ पट होते, म्हणजे तिथे बोर्ड तारांच्या गरजेपेक्षा जास्त वेगाने सपाट होतो. तो तारांसाठी नाही, बेंडसाठी.

खरा प्रश्न: बेंड

बेंड म्हणजे तार दाबून आडवी ढकलायची आणि स्वर चढवायचा. पहिली तार बाराव्या फ्रेटवर दाबून पूर्ण एक स्वर, म्हणजे दोन सेमीटोन चढवायची आहे. फ्रीक्वेन्सी १२ टक्के वाढवायला ताण सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो. ०.०१० इंची स्टीलची तार, मूळ ताण साधारण ७२ न्यूटन, लांबी ६४८ मिलिमीटर. यंग्ज मॉड्युलस घाला, तार साधारण १.२ मिलिमीटर ताणावी लागते. पायथागोरस लावला की तारेचा मधला बिंदू सुमारे २० मिलिमीटर आडवा सरकवावा लागतो असं दिसतं. म्हणजे काठावरची पहिली तार थेट बोर्डच्या मधोमध, सगळ्यात उंच जागेवर येते.

आणि इथेच घोळ होतो. बोटाखाली तार टेकडीच्या माथ्यावर आली, पण तिचं दुसरं टोक? ते सॅडलमध्ये अडकलेलं, काठावरच्या खालच्या उंचीवरच. म्हणजे ब्रिजकडे जाताना तारेला जेवढी चढण हवी तेवढी मिळत नाही. ती पुढच्या फ्रेट्सना चिकटून जाते, थरथरताना त्यांना आपटते आणि आवाज मरतो. यालाच आपण चोक म्हणतो. बोर्ड जेवढा गोल, माथा तेवढा उंच, चोक तेवढा लवकर.

हिशोब करू. गृहीत धरलंय की बाराव्या फ्रेटवर ॲक्शन, म्हणजे तार आणि फ्रेटमधलं अंतर, १.६ मिलिमीटर आहे, नेक सरळ आहे आणि ब्रिजची गोलाई बोर्डला जुळवलेली आहे. बाराव्या फ्रेटवर तार दाबली, तर तेराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तार किती उंच राहते?

बेंड न मारता: सगळ्या बोर्डांवर साधारण ०.१८ मिलिमीटर.
पूर्ण बेंड, ७.२५ इंच सिंगल: ०.१० मिलिमीटर.
पूर्ण बेंड, १२ इंच सिंगल: ०.१३ मिलिमीटर.
पूर्ण बेंड, १६ इंच सिंगल: ०.१४ मिलिमीटर.
पूर्ण बेंड, १० ते १६ कम्पाउंड: ०.१५ मिलिमीटर.

आता हेच ॲक्शन १.२ मिलिमीटर ठेवून, जसं मेटलवाले ठेवतात: ७.२५ वर उरतात ०.०५, १२ वर ०.०८, कम्पाउंडवर ०.१०. म्हणजे खूप खाली ॲक्शन ठेवणाऱ्याला कम्पाउंडवर ७.२५ च्या दुप्पट जागा मिळते. कम्पाउंडवाले उगाच ओरडत नाहीत, हे मान्य करायला हवं.

पण दुसरी बाजूही बघा. १२ इंच सिंगल आणि कम्पाउंड यांच्यातला फरक फक्त ०.०२ मिलिमीटर. १६ इंच सिंगल आणि कम्पाउंड यांच्यात ०.०१, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग कम्पाउंडचा फायदा काय? तो खाली, नटपाशी.

कॉर्डचा हात

बॅरे कॉर्ड धरताना आपलं पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं पडतं. बोट पट्टीसारखं सरळ नसतं, त्याला नैसर्गिक बाक असतो. म्हणून नटपाशी थोडी गोलाई हाताला बरी वाटते. नटपाशी मधल्या रेघेपासून कडेच्या तारेपर्यंत बोर्ड किती उतरतो? ७.२५ इंचावर ०.८३ मिलिमीटर, १० इंचावर ०.६०, १२ वर ०.५०, १६ वर फक्त ०.३८. तासभर एफ आणि बी मायनर धरून बसणाऱ्याला हा फरक मनगटात कळतो.

कम्पाउंडची सगळी हुशारी इथे आहे. खाली १० इंचाचा आराम, वर १६ इंचाची मोकळीक. एकाच गिटारवर रात्री जिन्यात बसून सगळ्यांबरोबर गाणी म्हणायची आणि स्टेजवर सोलोही मारायचा, असं ज्याचं आयुष्य आहे त्याच्यासाठी ही खरी सोय. पण जो फक्त कॉर्ड वाजवतो त्याला वरच्या सपाटीचा उपयोग नाही, आणि जो फक्त वरच फिरतो त्याला खालच्या गोलाईचा नाही.

अजून एक अट. कम्पाउंड बोर्डला ब्रिजही जुळवावा लागतो. १० ते १६ चा कोन तसाच पुढे नेला तर सॅडलपाशी त्रिज्या १८ इंचांच्या आसपास जाते. अशा नेकवर कोणी १२ इंची ब्रिज तसाच बसवला आणि कडेच्या तारा नीट लावल्या, तर मधल्या तारा बाराव्या फ्रेटवर सुमारे ०.१९ मिलिमीटर उगाच उंच राहतात. स्ट्रॅटसारख्या ब्रिजवर प्रत्येक सॅडल वेगळं वरखाली होतं, म्हणून प्रश्न नाही. लेस पॉलसारख्या ट्यूनोमॅटिक ब्रिजवर गोलाई ठरलेली असते, तिथे खाचा घासाव्या लागतात.

मिरजेचे लोक हे आधीच जाणून होते

वाद गिटारचा असला तरी तार आडवी ओढायची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सितारीतली मींड म्हणजे दुसरं काय? मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतार आणि तंबोरे बनतात. एकोणिसाव्या शतकातल्या फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा सांगतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं.

सितारीचे पडदे सपाट नसतात, कमानीसारखे वाकवलेले असतात, कारण त्यांच्या खालून तरफेच्या तारा जातात. पडदे दोऱ्याने बांधलेले, म्हणून सरकवताही येतात. मुख्य तारेच्या एका बाजूला पडद्याची रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली असते आणि कलाकार त्या जागेवर तार आडवी ओढून एकाच पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत मींड काढतात. आपण दोन सेमीटोनला घाम पुसतो! हे जमतं कारण सितारीत तार पडद्यांपासून चांगली उंच असते. म्हणजे आपल्या कोष्टकात ॲक्शनचा आकडा वाढवल्यासारखंच. कमान असूनही चोक नाही, कारण जागा आहे.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे स्लाइड. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर गिटार वाजवली ती मांडीवर ठेवून, तारांवर दांडी फिरवून. सरळ दांडीला सगळ्या तारा एका पातळीत हव्यात. तिथे रेडियस जणू अनंत. ७.२५ च्या गिटारवर सरळ स्लाइड ठेवलात तर मधल्या तारा दबतात आणि कडेच्या सुटतात, हे करून बघा.

सांगायचा मुद्दा: रेडियस चांगला किंवा वाईट नसतो. हात काय करणार आहे, त्याप्रमाणे तो ठरतो.

गिटार विकण्याआधी चार गोष्टी

आता त्या फर्स्ट इयरच्या पोराकडे येऊ. त्याची तार चोक होते, म्हणून तो नवी गिटार घ्यायला निघालाय. त्याने आधी पुढच्या गोष्टी क्रमाने कराव्यात.

एक, नेक बघा. तिसऱ्या तारेवर पहिली आणि शेवटची फ्रेट एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट दिसली पाहिजे, दोन-तीन कागदांएवढी. फट अजिबात नसेल तर नेक अगदी सरळ किंवा मागे वाकलेली आहे. आपल्या वर्सोव्यात हे फार होतं. खाडीचं खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस, लाकूड ओलावा घेतं आणि नेक हलते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं दोनदा ट्रस रॉड तपासा. पाव फेरीपेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका, दुसऱ्या दिवशी परत मोजा.

दोन, उंच फ्रेट शोधा. एटीएम कार्डाची सरळ कड एका वेळी तीन फ्रेट्सवर उभी ठेवा. कार्ड सी-सॉसारखं डुललं तर मधली फ्रेट उंच आहे. एकाच ठरावीक फ्रेटवर चोक होत असेल तर नव्वद टक्के भानगड हीच समजा. फ्रेट लेव्हल करून घ्या, रेडियसला दोष देऊ नका. समुद्राच्या हवेने तारा गंजल्या असतील तर त्याही बदला. गंजलेली तार फ्रेटवरून घसरत नाही, खरवडते.

तीन, ॲक्शन वाढवून बघा. हा माझ्या सगळ्या हिशोबातला सगळ्यात आवडता भाग. ७.२५ च्या बोर्डवर ॲक्शन १.६ वरून १.९ केली, तर पूर्ण बेंडमध्ये तेराव्या फ्रेटवरची जागा ०.१० वरून ०.१३ होते. म्हणजे बरोबर १२ इंची बोर्डएवढी! बाराव्या फ्रेटवर ०.३ म्हणजे सॅडलवर ०.६ मिलिमीटर. एक छोटा ॲलन पाना, पाच मिनिटं, खर्च शून्य. तार दाबायला किंचित जड लागेल, पण बोटं दोन आठवड्यांत विसरतात.

चार, आता रेडियस मोजा. सांगितलेला रेडियस आणि खरा रेडियस यात फरक असू शकतो, सेकंडहँड गिटारमध्ये तर नक्कीच, कारण कोणीतरी आधी बोर्ड घासलेला असतो. कॅड लॅबमध्ये १८४, २४१, ३०५, ३५६ आणि ४०६ मिलिमीटर त्रिज्येचे कंस काढा, एकास एक प्रिंट घ्या, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून नीट कापा. तारा सैल करून पुठ्ठा पहिल्या फ्रेटवर उभा धरा आणि मागून टॉर्च मारा. मधून उजेड आला तर पुठ्ठ्याची त्रिज्या लहान आहे, कडांनी आला तर मोठी. मग तेच बाराव्या आणि शेवटच्या फ्रेटवर. तीनही ठिकाणी एकच पुठ्ठा बसला तर सिंगल, वर जाताना मोठा पुठ्ठा लागला तर कम्पाउंड. दुकानदार काय म्हणतो ते बाजूला ठेवा, टॉर्च खोटं बोलत नाही.

हे चारही करून चोक राहिलाच, आणि ॲक्शन वाढवलेली तुम्हाला खरंच चालत नसेल, तरच रेडियस हा तुमचा प्रॉब्लेम आहे. तेव्हा बेशक १२ च्या पुढची किंवा कम्पाउंड गिटार बघा. कारण रेडियस ही अशी गोष्ट आहे जी पान्याने बदलत नाही. सगळ्या फ्रेट्स उपटायच्या, बोर्ड घासायचा, नवीन फ्रेट्स बसवायच्या. त्या खर्चात साध्या गिटारचे बारा वाजतात.

मग घ्यायचं काय?

ऱ्हिदम, कॉर्ड, हिंदी गाणी आणि ब्लूज वाजवणार असाल तर ९.५ किंवा १० इंच सिंगल भरपूर आहे. ७.२५ चा आवाज आणि हात आवडत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त ॲक्शन १.८-१.९ च्या खाली नेण्याचा हट्ट धरू नका. रॉक, थोडे सोलो, थोडे कॉर्ड असं सगळं असेल तर १२ इंच सिंगल हा सगळ्यात शहाणा सौदा, कम्पाउंडच्या इतका जवळ की मोजायला फीलर गेज लागेल. खूप खाली ॲक्शन, मोठे बेंड आणि वेगाने वाजवणं असेल तर १६ इंच किंवा कम्पाउंड. दोन्ही दुनिया एकाच नेकवर हव्या असतील आणि खिसा परवानगी देत असेल, तर आणि तरच कम्पाउंडसाठी जास्त पैसे मोजा. आणि फक्त स्लाइड वाजवणार असाल तर जितका सपाट तितका बरा.

१९८६ मध्ये इंडिपेन्डन्स रॉक सुरू झाला तेव्हा या मुंबईत रॉक वाजवणाऱ्या पोरांच्या हातात जी मिळेल ती गिटार असायची, आणि तरी वाजायचंच. आज पर्याय भरपूर आहेत, त्याचा गोंधळही भरपूर आहे. घरून येणारा पैसा कोणीतरी ओव्हरटाइम करून पाठवलेला असतो. ०.०२ मिलिमीटरसाठी तो खर्च करायचा की नाही, हे कोणाच्या ऐकीव मतावर ठरवू नका, मोजून ठरवा.

तर मंडळी, सूत्र एकच लक्षात ठेवा: आधी पाना फिरवा, मग पाकीट उघडा. पुठ्ठ्याचे गेज ज्यांना हवेत त्यांनी जेवणानंतर कॉमन रूममध्ये यावं. गिटार घेऊन या, आणि ट्यून करून आणा, प्लीज!